देशनिवडशास्त्राची मूलतत्त्वे

देशनिवडशास्त्र ही नीट परीक्षेचा निकाल लागल्यापासून परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशांची शेवटची तारीख उलटेपर्यंत, म्हणजे साधारणपणे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, महाराष्ट्रातील घराघरांत अभ्यासली जाणारी विद्याशाखा आहे. मुलाला कोणत्या देशात डॉक्टर करावे हा तिचा विषय असून वैद्यक हा तिचा विषय नाही. या दोहोंची गल्लत केल्यामुळेच काही टीकाकार या शास्त्राकडून भलत्या अपेक्षा बाळगतात आणि निराश होतात. आईवडिलांची आयुष्यभराची पुंजी आणि मुलाची सहा वर्षे कोठे गुंतवावीत, याचा निर्णय एका रविवारी चहा आणि दोन बिस्किटांच्या अवधीत घेता यावा, इतका नेमकेपणा ज्या शास्त्राने साधला आहे, त्याची मूलतत्त्वे पद्धतशीरपणे मांडली जाणे आवश्यक होते.

या शास्त्राचा पाया अंकगणिताचा आहे. २०२५ साली सुमारे २२ लाख विद्यार्थी नीटला बसले, त्यांपैकी १२ लाख ३६ हजार पात्र ठरले आणि देशभरातील एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास होत्या. म्हणजे दहा जणांना जेवणाचे आमंत्रण देऊन पाट एकच मांडलेला होता. ‘पात्र’ हा शब्द येथे पारिभाषिक अर्थाने घ्यावयाचा आहे. खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा ५० पर्सेंटाइलवर असते, आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, तर परीक्षार्थींच्या रांगेतील स्थान होय. निम्मी रांग आपल्या मागे उभी असली की उमेदवार पात्र. त्या वर्षी ही रेषा ७२० पैकी १४४ गुणांवर, म्हणजे बरोबर २० टक्क्यांवर आली. लग्न जुळवताना पत्रिकेतील ३६ पैकी किमान १८ गुण जुळावे लागतात, हे ध्यानात घेतल्यास शस्त्रक्रिया शिकायला निघणे हे संसार थाटण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे, असा निष्कर्ष निघतो.

सरकारी जागा हुकलेल्या पात्र उमेदवारापुढे दोन वाटा उरतात. पहिली वाट अभिमत विद्यापीठाची, म्हणजे स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मिळालेल्या आणि शुल्क ठरवताना सहसा संकोच न बाळगणाऱ्या संस्थेची. तेथे वर्षाला वीस-पंचवीस लाख रुपये मोजावे लागतात आणि पदवी हाती येईपर्यंत आकडा कोटीच्या घरात जातो. दुसरी वाट परदेशाची. रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, किरगिझस्तान, उझबेकिस्तान, फिलिपिन्स अशा देशांत इकडच्या दीड वर्षाच्या शुल्कात सहा वर्षांचे शिक्षण उरकते, असे हिशेब सांगतो. परदेशी जाणाऱ्यांनाही नीटची पात्रता २०१८ पासून सक्तीची असल्याने १४४ हा आकडा एरवी शरमेचा असला, तरी या वाटेवर तो पारपत्राइतकाच मोलाचा ठरतो.

या शास्त्राचा आधारग्रंथ म्हणजे माहितीपुस्तिका. ती सल्ला-केंद्राच्या सेमिनारमध्ये, म्हणजे मंगल कार्यालय किंवा हॉटेलच्या हॉलमध्ये भरणाऱ्या सभेत, प्रत्येक खुर्चीवर ठेवलेली असते. तिचा कागद इतका गुळगुळीत असतो की त्यावर बॉलपेनने हिशेब मांडता येत नाही, आणि हा योगायोग नसावा. पहिल्या पानावर घुमटाची इमारत आणि तिच्यापुढे पांढऱ्या कोटांतील चार हसरे विद्यार्थी असतात. दुसऱ्या पानावर भारतीय मेस, त्यातही ‘जैन जेवणाची सोय’ ठळक अक्षरांत. तिसऱ्या पानावर बर्फ. चौथ्या पानावर डॉलरमधील शुल्क आणि त्याच्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी. त्या चांदणीचा उलगडा शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीलाही चष्मा लागावा अशा टाइपात केलेला असतो, आणि व्हिसा, विमा, होस्टेल व डॉलरचा चढता भाव या गोष्टी तेथे सुखाने नांदत असतात. चोवीस पानांच्या या ग्रंथात प्रयोगशाळा असते, व्यायामशाळा असते, दिवाळीचा कार्यक्रम असतो, एक प्लास्टिकचा सांगाडाही असतो. आजारी माणूस मात्र एकाही छायाचित्रात सापडत नाही.

ग्रंथ हाती आल्यावर भाष्यकारांचे कार्य सुरू होते. वडील शुल्काच्या रकान्यावर भाष्य करतात. आई मेस आणि होस्टेलच्या सुरक्षिततेवर. एका लग्नात भेटलेल्या गृहस्थाचा मुलगा तिकडेच असल्याने मामा हवामान, विमानभाडे आणि आंतरराष्ट्रीय राजकारण या तिन्ही शाखांवर अधिकाराने बोलतात. आणि ज्याच्या नावाने हे सारे चालले आहे तो उमेदवार बारावीतील मित्र कोणत्या देशात निघाला, एवढेच सांगतो. मतभेद विकोपाला गेल्यास सर्वमान्य प्रमाण म्हणून मेसकडे वळावे, असा संकेत आहे. कारण शरीररचनाशास्त्राचा विभाग कसा आहे हे कोणालाच तपासता येत नसले, तरी वरणभाताबद्दल घरातील प्रत्येकाचे स्वतंत्र मत असते.

त्यानंतर मान्यतेचा सिद्धान्त येतो, आणि तो तीन शिक्क्यांवर उभा आहे. पहिला शिक्का जागतिक आरोग्य संघटनेचा. ही संघटना कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाला मान्यता देत नाही, पण तिचे बोधचिन्ह निळे आणि देखणे असल्याने मुखपृष्ठावर शोभते. दुसरा शिक्का वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स या जागतिक सूचीचा. सूचीत नाव असणे म्हणजे मान्यता नव्हे, असे ती सूची स्वतःच बजावते, परंतु टेलिफोन डिरेक्टरीत नाव आहे एवढ्यावर ज्या समाजात एके काळी माणसाची पत जोखली जात होती, त्या समाजाला हे बजावणे विनयाचे वाटते. तिसरा शिक्का राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा. भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी २०२० साली आलेल्या या आयोगाने, मान्यताप्राप्त परदेशी महाविद्यालयांची कोणतीही यादी आपण काढत नाही, असे स्पष्ट केलेले आहे. तरीही त्या यादीत आपल्या महाविद्यालयाचा क्रमांक कितवा, हे प्रत्येक सल्लागाराला तोंडपाठ असते. न दिलेल्या तीन मान्यता एकत्र आल्या की त्यांची बेरीज ‘शंभर टक्के मान्यताप्राप्त’ अशी होते, हे या शास्त्राने गणिताला दिलेले नवे प्रमेय होय.

यादी नसली तरी नियम आहेत, आणि ते महिन्यांत मोजले जातात. आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमातून असावा लागतो, त्यानंतर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, म्हणजे ज्येष्ठ डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णालयात करावयाची उमेदवारी, पूर्ण करावी लागते आणि ज्या देशाने पदवी दिली त्या देशात तेथील नागरिकांप्रमाणेच व्यवसाय करण्याचा परवाना मिळण्याजोगा असावा लागतो. ही शेवटची अट मार्मिक आहे. जो देश स्वतःच्या माणसांना हात लावू देत नाही, त्या देशाचा डॉक्टर इकडच्या माणसांना का चालावा, असा प्रश्न तिने विचारला आहे, आणि त्याचे उत्तर सेमिनारमध्ये चहाच्या वेळी द्यायचे राहून जाते. फिलिपिन्समधील एमडी पूर्ववैद्यकीय शिक्षणानंतर चार वर्षांची, म्हणजे ४८ महिन्यांची. त्याआधीची पूर्ववैद्यकीय वर्षे मोजणार नाही, असे आयोगाने कळवल्यावर सहा महिन्यांची जी तूट राहिली, ती अनेक सल्लागारांनी ‘नियम बदलणार आहेत’ या एका वाक्यात भरून काढली. परदेशात बारा महिने इंटर्नशिप करून आलेल्याला भारतात पुन्हा बारा महिने ती करावी लागते, आणि दुष्काळात तेरावा महिना कधी सुरू होतो याचे इतके अचूक उत्तर पंचांगातही सापडत नाही.

देशनिवडीत इतिहास हा विषय शुल्कात समाविष्ट असतो, पण त्याची तासिका आधी कळवली जात नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले तेव्हा तेथे सुमारे १८ हजार भारतीय विद्यार्थी होते. त्यांना ‘ऑपरेशन गंगा’ मोहिमेतून परत आणले गेले, पण येथील महाविद्यालयांत सामावून घेण्याची तरतूद कायद्यात नाही, असे सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले. मग पुढचे वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरले, गावाकडच्या माडीवर नेटवर्क शोधत यकृत कसे चाचपावे हे शिकले गेले, आणि ऑनलाइन काढलेल्या काळाची प्रत्यक्ष शिकून भरपाई करा, असे आयोगाने नंतर फर्मावले. मे २०२४ मध्ये किरगिझस्तानातील बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला आणि भारतीय दूतावासाने विद्यार्थ्यांना घरातच राहण्यास सांगितले. जून २०२५ मध्ये इराणमधील वैद्यकीय विद्यार्थ्यांना आर्मेनियामार्गे बाहेर काढावे लागले. या घटनांनंतर माहितीपुस्तिकेत योग्य ती सुधारणा झाली, म्हणजे ‘शांत आणि सुरक्षित’ हे शब्द आता ठळक छापले जातात.

या शास्त्राच्या उदयापूर्वीची पद्धत किती ओबडधोबड होती, हे आनंदीबाई जोशींच्या उदाहरणावरून दिसते. त्यांच्या प्रवासाचा धागा एका अमेरिकन दंतवैद्याच्या प्रतीक्षाकक्षात जुळला. न्यू जर्सीच्या श्रीमती कार्पेंटर तेथे बसल्या असताना त्यांच्या हाती एक मिशनरी मासिक आले आणि त्यात आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचे पत्र छापलेले होते. सेमिनार नाही, पॅकेज नाही, मेस तर नाहीच. १८८३ साली वयाच्या अठराव्या वर्षी आनंदीबाई बोटीत बसल्या आणि मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्रीविभाग त्यांची वाट पाहत होता, पण फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. कोणाला बरे करावयाचे हे त्यांनी आधी ठरवले आणि कोठे शिकावयाचे हे मागाहून. आधुनिक शास्त्राने हा क्रम उलटा करून पहिला प्रश्न ऐच्छिक ठेवला आहे.

तो ऐच्छिक असल्यामुळेच ‘इंग्रजी माध्यम’ या संज्ञेचा अर्थ कोणी फारसा उलगडत नाही. इंग्रजी माध्यम म्हणजे पुस्तक इंग्रजी आणि व्याख्यान इंग्रजी. खाटेवरचा रोगी मात्र त्या कलमातून वगळलेला असतो. रशियातील एखाद्या जिल्हा रुग्णालयात तिसऱ्या वर्षाचे दहा-बारा भारतीय विद्यार्थी एका खाटेभोवती उभे राहतात, म्हातारी पोटावर हात ठेवून ‘बलीत’ म्हणते, म्हणजे दुखते, आणि पुढे दीड मिनिट ते दुखणे कधीपासून, कसे, जेवणाआधी की नंतर, हे सारे समजावून सांगते. विद्यार्थ्यांची रशियन बाजारात बटाटे मागून ‘स्कोल्का’, म्हणजे कितीला, असे विचारण्यापर्यंत पोहोचलेली असते. त्यामुळे दीड मिनिटाच्या निवेदनातून त्यांच्या वहीत ‘पोटदुखी’ हा एकच शब्द उतरतो, आणि तोही तिच्या हातावरून ओळखलेला. काही विद्यार्थी पहिल्या वर्षापासून चिकाटीने तेथील भाषा शिकतात, रात्री वॉर्डात थांबतात, परिचारिकांकडून टाके घालण्याची रीत समजून घेतात आणि पुढे उत्तम डॉक्टर होतात. परंतु माहितीपुस्तिकेत यांपैकी कशाचाही उल्लेख नसल्याने त्यांचे वर्तन स्वैर समजले पाहिजे.

परत आल्यावर परदेशी वैद्यकीय पदवीधरांची चाळणी परीक्षा द्यावी लागते. ती २००२ पासून वर्षातून दोनदा होते; तीनशे बहुपर्यायी प्रश्न, उत्तीर्ण होण्यास दीडशे पुरे, आणि चुकलेल्या उत्तराला गुणकपात नाही. तरीही अलीकडच्या अनेक सत्रांत पाचांपैकी जेमतेम एक उमेदवार तिच्यातून पार पडला आहे. उरलेल्या चौघांसाठी शिकवणीवर्ग असतात, आणि जो सल्लागार सहा वर्षांपूर्वी विमानतळावर हार घालून निरोप देत होता, तोच पुष्कळदा त्या वर्गाच्या दारात सवलतीचे कुपन घेऊन स्वागताला उभा असतो. दरम्यान लग्नाच्या पत्रिकेत ‘डॉ., एम.डी.’ असे छापून झालेले असते. तिकडे पहिल्याच पदवीला एमडी म्हणतात आणि इकडे ती एमबीबीएसच्या बरोबरीची धरली जाते, ही तळटीप घालण्यास पत्रिकेत जागा नसते.

सर्व पायऱ्या ओलांडून नवा डॉक्टर अखेर तालुक्याच्या रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाच्या टेबलामागे बसतो. केसपेपरची घडी मुठीत धरून एक शेतकरी समोरच्या स्टुलावर टेकतो आणि सांगू लागतो की ठणका नाही, चमक नाही, कळही नाही, नुसते छातीत भरून आल्यागत होते आणि डावा हात जड पडतो. आजारी माणूस समोर बसून बोलतो आहे आणि त्याचा शब्दन् शब्द कळतो आहे, असे डॉक्टरच्या परदेशातील सहा वर्षांच्या शिक्षणात कधी घडलेले नसते, आणि या चार निरनिराळ्या दुखण्यांना इंग्रजीत काय म्हणतात याची तो मनात जुळवाजुळव करू लागतो. डॉक्टर परदेशात शिकून आला आहे, हे शेतकऱ्याला बाहेरच्या बाकावर कळलेले असल्याने, घरी कोणालाही न सांगितलेली एक गोष्ट तो त्या भरवशावर सांगायला तोंड उघडतो. इतक्यात शिपाई पुढचा नंबर पुकारतो.