अंतराळात मोकळे केस

विज्ञानकथेच्या मुखपृष्ठावर श्वास घ्यायला पुरुषाला हेल्मेट लागतं, बाईला लागत नाही. हा नियम न्यूटनला सुचला नाही, अर्ल बर्गीला सुचला. १९४०च्या दशकात हा गृहस्थ 'स्टार्टलिंग स्टोरीज'सारख्या अमेरिकन मासिकांची मुखपृष्ठं रंगवायचा. गडी डोक्यापासून बुटांपर्यंत बंदोबस्तात, हातात किरणांची बंदूक. शेजारी बाई: पितळी चोळी, उघडे पाय, मोकळे केस, आणि निर्वात पोकळीत साधी शिंकसुद्धा नाही. मागे बटबटीत डोळ्यांचा प्राणी, तिला पळवून न्यायला आलेला. इतकी प्रकाशवर्षं तुडवत तो बाईसाठीच का येतो, याचा खुलासा आतल्या कथेत सापडत नाही. त्याच्या ग्रहावर स्थळं जुळत नसावीत.

आपल्याकडे ही बाई अंगभर कपड्यांत आली असती, एवढाच फरक. रघुवीर मुळगावकरांना कुणी परग्रहावरची राणी काढायला सांगितली असती, तर तिच्या नाकात नथ आणि अंगावर शालू ठरलेला. लक्ष्मी, सरस्वती आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या सुंदऱ्या एकाच हातानं, एकाच गोडव्यानं रंगवणारा माणूस मंगळावर जाऊन हात कशाला बिघडवून घेईल?

हा विषय डोक्यात शिरला तो ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारात. लष्कर भागातली जुनी मराठी घरं रिकामी होताहेत. मुलं पुण्याला, नातवंडं न्यू जर्सीला आणि माळ्यावरची पुस्तकं रद्दीत. ज्या गावात १९६१ साली मराठी साहित्य संमेलन भरलं आणि कुसुमावती देशपांडे यांच्या रूपानं पहिल्यांदा एक बाई अध्यक्षपदावर बसली, त्या गावात मराठी पुस्तक आता किलोवर जातं. याबद्दल गळा काढणारे लेख दर दिवाळीला निघतात, त्यात मी भर घालत नाही. मला तिथल्या रद्दीवाल्याचं कौतुक वाटतं. पुस्तक न वाचता मत देतो आणि तसं तोंडावर सांगतोही. एवढा प्रामाणिकपणा आपल्या समीक्षकांत कुठला?

त्याचे ढीग तीन: धार्मिक, पढाई आणि नॉवेल. देवनागरी येते, मराठी येत नाही. त्यामुळे नाव वाचायचं, चित्र बघायचं आणि भिरकावायचं. जयंत नारळीकरांचं 'वामन परत न आला' मला धार्मिकच्या ढिगात मिळालं. वर सत्यनारायणाची पोथी, खाली 'प्रेषित'. तेही नारळीकरांचंच. आणखी खाली 'यक्षांची देणगी'.

"भैया, ये तो साइंस की कहानियाँ हैं," मी म्हटलं.

"वामन किसका अवतार है, भाईसाब?"

"विष्णु का."

"तो फिर?"

शिवाय धार्मिकला किलोमागे भाव जास्त. मी गप्प बसलो.

तो चुकला असं तरी कसं म्हणणार? केंब्रिजला फ्रेड हॉइलच्या हाताखाली विश्वाची उत्पत्ती शिकून आलेला हा माणूस शीर्षकं मात्र पुराणिकबुवांकडून आणायचा. यक्ष, वामन, 'अंतराळातील भस्मासुर'. आतला वामन यंत्रमानव आहे हे चित्रकाराला कोण सांगणार? चित्रकाराला तीनच गोष्टी मिळतात: शीर्षक, मानधन आणि मुदत. तिन्ही अपुऱ्या. नशीब, त्यांची 'कृष्णविवर' ही कथा वेगळं पुस्तक होऊन त्या ढिगात आली नव्हती, नाहीतर मुखपृष्ठावर बासरी शोधली असती. त्या कथेच्या वेळी तर खुद्द लेखकानंच खोटं वेष्टण घातलं होतं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ती पाठवताना नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी केली आणि 'नारायण विनायक जगताप' झाले. बक्षीसही जगतापांनाच लागलं.

नारायण धारपांची अडचण वेगळी. त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या, पण नाव धारप म्हटलं की वाचकाची नजर आपोआप कवटी शोधते. रद्दी घालायला आलेल्या एक काकू त्यांचं एक पुस्तक दोन बोटांत धरून उभ्या होत्या.

"हे तेवढं वेगळं बांधा हो. भुताचं आहे."

"काकू, विज्ञानाचंही असेल. वाचलंत का?"

"वाचायचं कशाला? चित्र बघा ना! लग्न होऊन आले तेव्हापासून मी ते पालथं ठेवलंय."

पालथं ठेवलं की मागच्या बाजूचा लेखकाचा फोटो वर येतो, त्याचं भय वाटत नाही का, हे विचारायचं राहून गेलं.

खरा हिरा मिळाला तो नॉवेलच्या ढिगात. नाव सांगत नाही, लेखकाचं गोत्र अजून याच शहरात नांदत असेल. सत्तरच्या दशकातली छपाई. आकाश जांभळं. निळं घेतलं की पृथ्वी वाटते आणि काळं घेतलं की छापखानेवाला शाईचे पैसे मागतो, म्हणून जांभळं. उजव्या कोपऱ्यात कडंवाला ग्रह. मराठी मुखपृष्ठावरच्या सूर्यमालेत ग्रह एकच, शनी. मग कथा चंद्रावर घडो नाहीतर चिंचवडला. मधोमध पापण्यांसकट एक डोळा, त्याच्या बुबुळात परीक्षानळी. खाली कल्ले वाढवलेला तरुण, चेहरा निम्माच, कारण उरलेल्या निम्म्यावर आलेखाच्या रेघा. कडेला संगणक, म्हणजे लोखंडी कपाटाला ठोकलेले दोन टेपरेकॉर्डर. आणि या सगळ्या संसारावर आकाशातून उतरलेला एक हिरवा पंजा. बोटं मोजली. सहा. सहावं बोट परग्रहवासीयाचं की चित्रकाराच्या घाईचं, हे कळेना, म्हणून पुस्तक विकत घेतलं आणि वाचलं.

परग्रहवासी नाही. शनी नाही. आकाशसुद्धा नाही, कारण प्रयोगशाळेच्या खिडक्या बंद आहेत. डॉक्टर देशमुख डॉक्टर कुलकर्ण्यांना काहीतरी समजावताहेत. कुलकर्णी मधूनमधून "म्हणजे?" विचारतात. चहा येतो. देशमुख पुन्हा समजावतात. सत्तराव्या पानावर फोन वाजतो, तो दिल्लीचा असतो. शेवटी म्हातारपणावरचं औषध तयार होतं, कुलकर्णी म्हणतात की मानवजात अजून यासाठी तयार नाही, आणि दुसरा चहा.

आता चित्रकारानं करायचं काय? या पुस्तकाचं प्रामाणिक मुखपृष्ठ म्हणजे दोन खुर्च्या, एक फळा आणि कपबशी. कोण घेईल? आपली विज्ञानकथा बरीचशी प्रबोधनाच्या पोटी जन्मली, परिषदेच्या अंगणात वाढली. तिला पळता येत नाही, व्याख्यान उत्तम देता येतं. नारळीकरांच्या 'धूमकेतू'त पृथ्वीवर संकट येऊ घातलंय. हॉलीवूडवाल्यांनी तेवढ्यात दोन शहरं आणि एक पूल पाडला असता. नारळीकरांना अधिक रस आहे तो एकीकडे शास्त्रज्ञांची खटपट आणि दुसरीकडे घरात चाललेला यज्ञ यांच्यात. कथा म्हणून झकास. पण मुखपृष्ठावर बैठक काढायची का? तो हिरवा पंजा ही चित्रकारानं वाचकावर केलेली दया होती, असं माझं मत आहे. अख्ख्या पुस्तकात जे साहस घडलं, ते मुखपृष्ठावरच घडलं.

लेखक मंडळी मात्र चित्रकारावर दात धरून असतात. एच. जी. वेल्सची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' १८९७ साली मासिकातून क्रमशः आली, तेव्हा वॉरविक गोबलनं मंगळवासीयांची तिपायी यंत्रं काढली. ताठ, लाकडी, पाणी तापवायचे बंब वाटावेत अशी. वेल्स इतका चिडला की पुढच्या वर्षी पुस्तक काढताना त्यानं कथेतच एक परिच्छेद घुसवला. निवेदक तिथे सांगतो की घाईघाईनं कुणीतरी काढलेली या यंत्रांची चित्रं निव्वळ चुकीची आहेत, ती नसती तर बरं झालं असतं. मंगळवासी लंडन जाळत सुटलेत, माणसं जिवाच्या आकांतानं पळताहेत, आणि लेखक मध्येच थांबून चित्रकाराचं उट्टं काढतो. साहित्यातली ही माझी सर्वांत आवडती भाऊबंदकी.

ज्यूल व्हर्नला ही सोय मिळाली नाही. भा. रा. भागवतांनी 'चंद्रावर स्वारी' घडवून तो मराठी पोरांच्या हाती दिला. व्हर्नचे तीन वीर चंद्राकडे जातात ते फ्लोरिडात जमिनीत पुरलेल्या नऊशे फूट लांबीच्या तोफेतून. गोळ्याच्या पोटात गाद्यागिरद्या, कुत्री आणि कोंबड्यासुद्धा. इतका ऐवज लेखकानं फुकट पुरवला असताना देशोदेशीच्या आवृत्त्यांवर आजही पंखवालं चकचकीत रॉकेट छापतात. तोफेतून उडालेली कोंबडी कुणालाच काढावीशी वाटू नये?

यावर खरा उपाय इंग्रजीवाल्यांनी काढला होता: आधी चित्र, मग कथा. डिसेंबर १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज'च्या ह्यूगो गर्न्सबॅकनं फ्रँक पॉलचं एक मुखपृष्ठ छापलं. हवेत लटकणारी आगबोट आणि ती न्याहाळणारे परके जीव. याची संगती लावून दाखवा आणि बक्षीस न्या, असं वाचकांना आवाहन केलं. क्लेअर विंगर हॅरिस नावाच्या बाईंनी मंगळवासी पृथ्वीवरचे समुद्र चोरताहेत अशी कथा रचली आणि तिसरं बक्षीस, शंभर डॉलर, पटकावलं. पुढे लंडनच्या बॅजर बुक्सनं याचा कारखानाच केला. लायोनल फॅन्थॉर्प या त्यांच्या लेखकाला आधी मुखपृष्ठ मिळायचं, मग तो डोक्यावर पांघरूण घेऊन टेपरेकॉर्डरसमोर बोलत सुटायचा. दीडशेहून अधिक पुस्तकं त्यानं अशी पाडली. पानांची मर्यादा ठरलेली असल्यामुळे शेवटच्या दोन पानांत विश्वयुद्ध आटोपायचं. वाङ्मय म्हणून यथातथाच, पण मुखपृष्ठावर राक्षस असेल तर आत राक्षस यायचा. आमच्या देशमुखांनाही तो हिरवा पंजा आधीच हातात ठेवला असता, तर निदान एखादी खिडकी तरी उघडावी लागली असती.

नव्वदीनंतर पंजा गेला आणि आकडे आले. 'मॅट्रिक्स'पासून तर काळ्यावर हिरवे शून्य आणि एक ओतले की झाली विज्ञानकथा. ग्वाल्हेरवाल्यांना यावर बोलायचा थोडा अधिकार आहे. किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात सन ८७६ चा शिलालेख आहे, शून्याच्या सर्वांत जुन्या नोंदींमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. त्यात लिहिलंय काय? बाग २७० हात लांब, १८७ हात रुंद, आणि देवाला रोज ५० माळा. बागेचं माप आणि हाराचा हिशेब, एवढंच शून्याचं काम. गूढ नाही, हिरवा उजेड नाही. आणि त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी शिकवणी वर्गाच्या फलकापासून कथासंग्रहापर्यंत सगळीकडे शून्यांचा सडा.

प्रामाणिक मुखपृष्ठ एकाच पुस्तकाचं, तेही मराठी नव्हे. प्राण यांचा 'चाचा चौधरी'. गुरू ग्रहावरून आलेला साबू, कानात बाळ्या, पायात बूट, उंची घरात न मावणारी. बाहेर साबू, आतही साबू. पृथ्वीवर राहण्याचं त्याचं मोठं कारण चाचीच्या हातच्या पोळ्या. परग्रहवासी इथे का येतात याचं इतकं पटणारं उत्तर बर्गीच्या कुठल्याच प्राण्यानं दिलेलं नाही. रद्दीवाला साबूला कोणत्याही ढिगात टाकत नाही, दोरीला टांगतो. संध्याकाळपर्यंत खपतो.

आणि आता चित्रकारच नको झालाय. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेतल्या टॉर प्रकाशनानं ख्रिस्तोफर पाओलिनीच्या 'फ्रॅक्टल नॉइज'चं मुखपृष्ठ जाहीर केलं. मग बोभाटा झाला की साठ्यातून विकत घेतलेलं ते चित्र बहुधा यंत्रानंच काढलेलं. प्रकाशकानं कबुली दिली, बदलायला वेळ नाही म्हणाला आणि तेच ठेवलं. आपल्याकडे कबुलीही नसते. प्रकाशकाचा पुतण्या मोबाईलवर करून देतो: पाठमोरा अंतराळवीर, समोर आकाशगंगा, जांभळी. परवा एक नवा कोरा विज्ञानकथासंग्रह परीक्षणासाठी आला. यावर अंतराळवीर आहे आणि, प्रगती म्हणा, बाईलाही हेल्मेट आहे. तिनं हात हलवून निरोप घेतलाय. बोटं मोजली. सहा. देशमुखांचं म्हातारपणावरचं औषध अजून निघायचंय, पण त्या जांभळ्या मुखपृष्ठावरचं एक भाकीत तरी पन्नास वर्षांनी बिनचूक उतरलं.