सरपण आधी, शेगडी मागाहून

"काय गं, धाकट्या लेकीकडून आलीस ती अगदी टवटवीत! व्हर्मॉन्टच्या थंडीत गारठली नाहीस वाटतं?"

"गारठते कशाला, वहिनी! जावयांनी घरात शेगडी बसवलीय. लाकडाची."

"चूल म्हण की सरळ! आमच्या सासूबाईंचा जन्म फुंकणी फुंकण्यात गेला, गॅस आला तेव्हा आम्ही पेढे वाटले. आणि ही पोरं अमेरिकेत जाऊन लाकडं जाळतात?"

"चूल नव्हे हो. बिडाची भक्कम पेटी, पुढे काचेचं दार. नीट पेटली तर घरात धुराचा वासही नाही. तळघरात तेलावरची भट्टी आहे त्यांच्या, पण ती चालायला वीज लागते. गेल्या हिवाळ्यात बर्फाने तारा तुटल्या, तेव्हा टाकीत तेल असून पोरं कुडकुडत बसली. मग धाकटीनं हट्टच धरला."

"बरीच महाग असेल?"

"चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! शेगडी परवडली, धुराड्यानं दिवाळं काढलं. खोलीतला पाइप साधा, पण माळ्यातून छपराबाहेर जाणारा भाग दुपदरी स्टीलचा, आत उष्णता अडवणारं भरण. उंचीही आपल्या मर्जीची नाही. छपरातून निघतं तिथून किमान 3 फूट वर, शिवाय 10 फुटांच्या आत जे काही असेल त्याच्याहून 2 फूट उंच. नाहीतर वाऱ्यानं धूर उलटा घरात. खाली न जळणारी फरशी, भिंतीपासून शेगडीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढं अंतर. विमा कंपनीनं तर सगळ्याचे फोटो मागवले."

"जावयांनी मोठ्यातली मोठीच घेतली असेल!"

"दुकानदार तीच गळ्यात मारत होता. पण मोठी शेगडी घर उकडवते, मग माणसं हवा कोंडून ती धुमसत ठेवतात. तो अर्धवट जळलेला धूर धुराड्यात थिजतो, चिकट काळा थर धरतो. क्रिओसोट म्हणतात त्याला. एखाद्या दिवशी तोच पेट घेतो! म्हणून वर्षाला धुराडं साफ करायला माणूस बोलवायचा. नव्या शेगडीला सरकारी मापही आहे हो, 2020 पासून. तासाला 2 ग्रॅम, फार तर अडीच ग्रॅम धूरकण. त्याच्या वर गेली तर विकायचीच नाही."

"म्हणजे सगळं यथासांग झालं."

"कसलं! घोडं अडलं ते सरपणाशी. एक कॉर्ड ओकची लाकडं आणली. कॉर्ड म्हणजे 128 घनफूट, अंगणात ही एवढी रास. विकणारा म्हणाला, खडखडीत वाळलेली आहेत. पेटवली तर सुंऽऽ आवाज, ओंडक्याच्या टोकाला पाण्याचे बुडबुडे, आणि तासाभरात काच काळीठिक्कर! मग धाकटीनं ओलावा मोजायचं यंत्र आणलं. ओंडका फोडून आतल्या अंगाला त्याच्या सुया टोचल्या, तर आकडा 32 टक्के. हवा 20 च्या आत."

"अगंबाई! मग?"

"भट्टीत वाळवलेली लाकडं दामदुप्पट देऊन आणली. ओक वाळायला दोन दोन वर्षं घेतो म्हणे. ती रास आता अंगणात रचलीय, वरून झाकलेली, बाजू वाऱ्याला मोकळ्या. आणि राख? ती झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, घराबाहेर. निखारा दिवसचे दिवस आत जिवंत राहतो. कार्बन मोनॉक्साइडचा भोंगाही बसवलाय."

"थांब गं. माझा भाचा न्यू हॅम्पशायरला असतो ना, त्यानं परवाच सेलमध्ये शेगडी घेतली. येत्या थंडीत पेटवणार म्हणतो."

"लाकूड भरलंय?"

"शेगडी आली की बघू, म्हणाला."

"मग आत्ताच फोन लावा त्याला, वहिनी. म्हणावं, त्या खोक्याला हात लावू नकोस, आधी लाकडाला सुई टोचून बघ!"