थंडीच्या डिझेलवर खापर कसं फोडावं? नवशिक्या गाडीवाल्यांसाठी सात पायऱ्या

डिसेंबरात पिकअपचं ॲव्हरेज उतरलं, की बेळगाव-निपाणी पट्ट्यातला मुरलेला गाडीवाला डोकं खाजवत बसत नाही. 'थंडीचं डिझेल आलंय' म्हणतो आणि चहा मागवतो. हा आत्मविश्वास पहिल्याच हिवाळ्यात येत नाही. त्यासाठी हा अभ्यासक्रम.

१. शास्त्र अर्धंच शिका. डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात. कडक गारठ्यात ते खोबरेल तेलासारखे थिजतात आणि फिल्टर तुंबतो. म्हणून थंड मुलखात हलकं डिझेल देतात. हलक्या डिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जा थोडी कमी, म्हणून ॲव्हरेजही थोडं कमी. हे सगळं खरं आहे. पुढं वाचू नका.

२. आकडे काढणाऱ्याच्या शेजारी बसू नका. तो आयएस १४६० हे मानक सांगेल: नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात डिझेलनं ६ अंशांपर्यंत फिल्टर तुंबवता कामा नये. बेळगावात पहाटेचा पारा सहसा त्याच्या बराच वर असतो. मग तो लडाखवर जाईल. तिथं इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांतही न गोठणारं डिझेल आणलं. तेवढी थंडी यमकनमर्डीला पडली, तर ॲव्हरेज मोजायला घराबाहेर पडणार कोण?

३. गाडी भरपूर तापवा. चावी फिरवा, मग दात घासा, नाश्ता करा, पेपर वाचा. उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य. नव्या कॉमन रेल इंजिनाला अर्धा-एक मिनिट पुरतं; पुढचे दोन-चार किलोमीटर सावकाश हाकली की ऑइल आपोआप तापतं. ही गोष्ट शेजाऱ्याला कळू देऊ नका.

४. उसाकडं बघू नका. थंडी आणि गळीत हंगाम एकदमच येतात, हा योगायोग समजा. तवंदी घाटात पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, त्यावर कानठळ्या बसवणारी गाणी, रस्त्यावर पडलेल्या उसाच्या मोळ्या, आणि तुम्ही मागं दुसऱ्या गियरमध्ये. घाट संपेपर्यंत डिझेलचा धूर होतो. दोष अर्थातच डिझेलचा.

५. टायरची हवा तपासू नका. पारा १० अंशांनी उतरला की हवा दीडेक पीएसआयनं घटते आणि गाडी जड ओढते. पण हवा तपासायला फार तर पाच-दहा रुपये लागतात. इतक्या स्वस्त कारणावर विश्वास कुणी ठेवावा?

६. सीमावाद टाकीत आणा. निपाणीला भरलं तर 'कर्नाटकचं हलकं', कागलला भरलं तर 'महाराष्ट्राचं भेसळीचं' म्हणा. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळतं आणि कोगनोळीच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना मानक एकच आहे, हे विसरा. फरक पडतो तो करात. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटकानं डिझेलवरचा विक्रीकर १८.४४ वरून २१.१७ टक्क्यांवर नेला आणि लिटर दोन रुपयांनी महागलं. त्यानं खिसा हलका होतो, डिझेल नव्हे.

७. सगळं करूनही गाडी धक्के देत असेल, तर नाइलाजानं मिस्त्रीकडं जा. तो बोलत नाही. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून खाली डबा धरतो. आधी पाणी येतं, मग काळपट गाळ, शेवटी डिझेल. मग विचारतो, "मालक, ह्यो फिल्टर बदलून किती वर्सं झाली?" इथं डगमगू नका. शांतपणे म्हणा, "थंडी लईच हाय की औंदा." आणि बिलावर 'फिल्टर' लिहू देऊ नका. 'हिवाळी सर्व्हिसिंग' लिहून घ्या. घरी दाखवायला बरं पडतं.