डोंबिवली दिसते का?

रविवारी सकाळी कर्जत लोकलमध्ये डोंबिवलीकराला बसायला जागा मिळाली की आनंद होत नाही, संशय येतो. गाडी चुकली तर नाही ना? नेरळ येईपर्यंत मी दोघांना विचारून खात्री केली. पुढे टॉय ट्रेनमध्ये तर सगळेच बसलेले. तरीही सौ.ने सवयीने समोरच्याला विचारलंच, "कुठे उतरणार?" तो म्हणाला, "माथेरान." दुसरं काय सांगणार बिचारा!

ही गाडी 1907 साली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी सुरू केली. रुळांत अंतर दोन फूट. वीसेक किलोमीटरला ती दोन तासांहून जास्त घेते, म्हणून लोक कुरकुरतात. कल्याण-शीळ रस्त्यावरून गेलेला माणूस कुरकुरत नाही.

माथेरानचा शोध लावला तो ह्यू मॅलेट यांनी, 1850च्या मे महिन्यात. (पायथ्याच्या आदिवासींच्या दृष्टीने ते हरवलेलंच नव्हतं, तो भाग वेगळा.) हे गृहस्थ ठाण्याचे कलेक्टर होते. मे महिना आणि ठाणे जिल्हा! यात शोधबिध काही नाही, माणूस वर पळाला असणार. आम्ही परंपरा चालवतोय, इतकंच.

वर मोटारी नाहीत. दस्तुरी नाक्यालाच अडवतात. हॉर्न वाजेना, त्यामुळे मला रस्ता ओलांडायचा धीरच होईना. मागून बहुतेक घोडाच येतो, आणि तो सौजन्याने वासाची पूर्वसूचना देतो.

इको पॉइंटजवळ आम्ही डबा उघडला आणि एक माकड चिवड्याची पिशवी घेऊन कठड्यावर जाऊन बसलं. दातांनी गाठ सोडली. एक शेंगदाणा खाल्ला, दुसरा खाल्ला, मग पोहे हातावर घेऊन हुंगले आणि पिशवी दरीत सोडून दिली. शेजारच्यांचे वेफर्स मात्र त्याने शेवटपर्यंत खाल्ले. "त्यात वाईट काय होतं?" हा प्रश्न सौ.ने मला परत येईपर्यंत चार वेळा विचारला. चिवडा घरचा होता. मी माकडाची बाजू घेतली नाही.

पॅनोरमा पॉइंटवर केवढी मोठी दरी, केवढं आभाळ! आणि कठड्याला टेकलेलं प्रत्येक कुटुंब एकच गोष्ट शोधत होतं: आपलं घर. "डोंबिवली दिसते का हो?" मी घोडेवाल्याला विचारलं. त्याने धुरकट दिशेकडे बोट केलं. "ते काय, तिकडे." बदलापूरच्या काकांनाही त्याने तीच दिशा दाखवली. दोघेही समाधानाने तिकडे बघत राहिलो. गॅस बंद केला होता की नाही, हे सौ.ला तेव्हाच आठवलं.

परतीच्या लोकलमध्ये नेरळपासून उभे. खिडकीतला माणूस डोंबिवलीलाच उतरणारा निघाला.

गॅस बंद होता. माझे पांढरे कॅनव्हासचे बूट गॅलरीत वाळतायत. तीनदा धुतले, माथेरानच्या मातीने तांबडे ते तांबडेच.