एसपी सोपं असतं म्हणे!

अहो वहिनी, कढीपत्ता हवा तेवढा तोडा, पण आधी सांगा, चिमीचा अकरावीचा फॉर्म भरला का? कॉमर्स ना? आणि गणिताऐवजी एसपी, म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस? कोणी सांगितलं? मैत्रिणींनी? वाटलंच मला.

परवाच माझ्यापाशी भिंतीवर कोपर टेकून म्हणत होती, 'काकू, मला फायनान्समध्ये जायचंय, मोठ्या कॉलेजात.' आता मोठं कॉलेज म्हणजे काय, तर दिल्लीचं शहीद सुखदेव कॉलेज. तिथे बीएमएस आहे, शिवाय गुंतवणुकीच्या अभ्यासाचं खास बीबीए. सीयूईटी देऊन प्रवेश, पण गणित हवंच. इंदूरच्या आयआयएमचा पाच वर्षांचा कोर्स तर 2011 पासून आहे, बारावीनंतर थेट. त्याच्याही परीक्षेत गणिताचाच धाक. म्हणजे कॉलेज दोन वर्षांनी निवडायचं म्हणता, पण निम्मी दारं या जूनमध्येच बंद होतात, आणि तीही फॉर्मवरच्या एका चौकोनात!

मुंबईला जाईल म्हणता? जाऊ दे की. पण नीट बघून. तिथे बीएमएस म्हणजे सगळ्याचं थोडं थोडं: मार्केटिंग, माणसं, फायनान्सही. बीएएफला हिशेब, ऑडिट, टॅक्स. बीएफएमला शेअरबाजार. आणि गंमत ऐका. 2024 पासून बीबीए-बीएमएस एआयसीटीईकडे गेले, सीईटी लागली. तर कित्येक कॉलेजांनी पाटीच बदलली! बीएमएसचं झालं बी.कॉम., पुढे मॅनेजमेंट स्टडीज. साध्या बी.कॉम.ला नाकं मुरडणारे आता त्याच्याच रांगेत.

मी मात्र कॉलेजच्या वेळा बघते. सकाळी लवकर सुटलं तर दुपारी पोरं फोर्टात नाहीतर बीकेसीत कुठेतरी इंटर्नशिप करतात. सीए करायचं असेल तर इंटरमीजिएट झाल्यावर दोन वर्षांची आर्टिकलशिप आहेच, पूर्वी तीन होती. तिथे बॅलन्सशीट हाताला लागते, ती वर्गात लागत नाही.

आणि ते तुमच्या हातातलं चकचकीत माहितीपत्रक द्या बघू इकडे. हे बघा, पहिल्याच पानावर सर्वांत मोठं पॅकेज! अहो, ते एका पोराचं. मधल्या नंबरच्या पोराला काय मिळालं, ते विचारा. आणि काम कसलं, तेही. आमच्या दिरांच्या धाकट्यानं घरचे पैसे ओतून डिग्री घेतली, आता टाय लावून क्रेडिट कार्डं खपवतो. तीही फायनान्सचीच नोकरी, बरं का! कॉलेजचं नाव नाही सांगणार, नणंदेचे संबंध आहेत तिथे.

काय म्हणता, गणिताची भीती वाटते? असू दे. ट्यूशन लावा, चौकातल्या सरांकडे. अहो, उद्या बॉण्डचा भाव काढायचा झाला तर काय सेक्रेटरीचं पत्र लिहून काढणार का ही? आणि एसपीत मार्क मिळतात म्हणून घ्यायचं, तर ते मार्क दिल्लीवाले विचारत नाहीत, त्यांची परीक्षा वेगळी.

चिमीला संध्याकाळी पाठवा माझ्याकडे, फॉर्म घेऊन. तिच्या मामाला मात्र विचारू नका हं. कॉमर्सच्या मुलीलाही ते इंजिनीअरिंगच सांगतील.