पावसासकट खोली

महाबळेश्वरात वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. असा पाहुणा दाराबाहेर ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. जुने लोक पावसाळ्यात पाऊस अडवायला घरांना गवताच्या झडी बांधत. तो संकुचितपणा आमच्या हॉटेलने केव्हाच सोडला. पलंगाशेजारची निळी बादली रात्रभर टपटपत सेवेत हजर होती. उशीला बुरशीचा अस्सल डोंगरी सुवास होता. ‘व्हॅली व्ह्यू’चे जादा पैसे भरल्यावर खिडकीत नुसतं धुकं दिसलं, पण पलीकडे दरी असल्याची तोंडी हमी मॅनेजरसाहेबांनी विनामूल्य दिली. पुढच्या हंगामात छप्पर काढून ‘स्काय व्ह्यू’ सुरू करावा, असं मी अभिप्रायवहीत नम्रपणे सुचवलं. त्यांनी ते गांभीर्याने वाचलं, छताकडे पाहिलं आणि पेन उघडलं. “निम्मं छप्पर तर गेलंच आहे. निम्मे पैसे याच बिलात धरू?”