घोड्याचं पान कुठे मांडावं?

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. तिथला जाणकार गिऱ्हाईक घोड्याचे दात बघतो, चाल बघतो, अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ तेही बघतो. इतकी कुंडली जुळवून घोडा दारात आणल्यावर त्याचं पान कुठे मांडायचं, हा प्रश्न मात्र सहसा कुणाला पडत नाही. तबेल्याच्या भिंतीला कडी असते. कडीला जाळी टांगायची, जाळीत गवत कोंबायचं, झालं! कडी किती उंचावर? माणसाचा हात सहज पोचेल तिथे. घोड्याचं मत कोण विचारतो?

मत विचारलं, तर ते अगदी साधं आहे. मान खाली, तोंड जमिनीशी आणि हातात, म्हणजे खुरात, भरपूर वेळ. मोकळा घोडा दिवसातले सोळा-सोळा तास चरत असतो. 400 किलोच्या घोड्याला रोज 6 ते 8 किलो सुकं गवत लागतं, पण जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचं. त्यात आम्ल चोवीस तास पाझरतं. घोडा जेवो, न जेवो. त्यावर उतारा लाळेचा, आणि ती सुटते फक्त चावताना. म्हणून संध्याकाळी तोबरा भरून चंदी दिली, ती घटकाभरात फस्त झाली आणि पुढे सकाळपर्यंत कडकडीत उपास घडला, की पोटात व्रण नाहीतर पोटशूळ ठरलेला. त्यात या प्राण्याला उलटीही होत नाही. गिळलं ते गिळलं.

यावर तोड म्हणजे बारीक भोकांची जाळी. तीन-चार सेंटिमीटरच्या भोकातून ओठांनी चार काड्या ओढायच्या, चावायच्या, पुन्हा ओढायच्या. तेवढंच गवत कितीतरी जास्त वेळ पुरतं. भोकं फारच बारीक झाली, तर घोडा चिडून जाळीच चावायला लागतो. त्याच्या जागी आपणही तेच केलं असतं.

भोकांचं जमलं, तरी उंचीचं उरतंच. जाळी उंच टांगली, की गवताची धूळ आणि कुसळं थेट डोळ्यांत-नाकात. मान खाली असली की श्वासनलिकेतला कफ आपसूक बाहेर येतो आणि खालचा जबडा पुढे सरकून दाढा सारख्या झिजतात. लांबच्या प्रवासात डोकं वर बांधून नेलेल्या घोड्यांना न्यूमोनिया होतो, तो उगाच नाही. बरं, मग जाळी खाली सोडावी, तर त्यात खूर अडकतो; नाल मारलेला असेल तर हमखास. शिवाय भरलेली जाळी छातीशी असली, तरी रिकामी झाल्यावर ती लोंबून गुडघ्याशी येते. इथेच घोडं पेंड खातं.

मग तडजोडी सुरू होतात. जाळी टांगायचीच, तर रिकामी झाल्यावरही पाय पोचणार नाही एवढी वर आणि एका ओढीत सुटेल अशा गाठीने. नाहीतर जमिनीवर खोल पेटी ठेवून तिच्या तोंडावर जाळी घट्ट बसवायची. जमीन वाळूची असेल, तर खाली रबरी चटई हवी, नाहीतर गवताबरोबर वाळूही पोटात साचते.

आपण स्वतः पाटावरून टेबलाशी आलो, टेबलावरून बुफेत उभे राहिलो आणि घोड्याचंही पान त्याच हिशेबाने वर चढवत गेलो. त्याची पंगत अजून खालीच बसते. तिथे आपले यजमानपणाचे नियमही उलटे करावे लागतात. ‘अजून घ्या, लवकर घ्या’ हा आग्रह तिथे चालत नाही. थोडं घ्या, सावकाश घ्या, पण पानावरून उठू मात्र नका!